हरकत जागेला की नकाशाला?

नमस्कार श्रोतेहो.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात महापालिकेची जाहीर सूचना येते. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, विकास आराखड्यातलं अमुक आरक्षण वगळून तमुक वापर प्रस्तावित, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. बहुतेक जण पान उलटतात. एखाद्याच्या मात्र लक्षात येतं, अरे, हा तर आपल्या गल्लीच्या टोकाचा प्लॉट! आणि तिथे येणार आहे ज्येष्ठांसाठी असिस्टेड लिव्हिंग. म्हणजे स्वतःची खोली स्वतःची, पण आंघोळीला, औषधाला, उठण्याबसण्याला हाताशी माणूस. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सह्या गोळा व्हायला लागतात.

अशा अर्जांतले मुद्दे ठरलेले असतात. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकांचे भोंगे, पार्किंग, फ्लॅटचे उतरणारे भाव. आणखी एक मुद्दा कागदावर कुणी लिहीत नाही, जिन्यात हळू आवाजात बोलतात: दारावरून सारख्या शववाहिका जाणार. सह्या करणाऱ्यांत बरेच जण स्वतः सत्तरीचे असतात. यात टोमणा नाही. पुण्यात सुनावणीला जाऊन बसायला निवृत्त माणसालाच वेळ असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी जागा वस्तीतच हवी. मुळशीच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत, हे जाहिरातीत छान दिसतं. पण पंच्याऐंशीच्या आजींना मोकळ्या हवेपेक्षा नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना लागतो, ओळखीचा भाजीवाला लागतो आणि ऑफिसातून घरी जाताना दहा मिनिटं डोकावणारा मुलगा लागतो. मुलगा परदेशात असेल तर भाची, शेजारीण, जुनी सहकारी. गाव सोडून तीस किलोमीटर लांब गेलं की ही माणसं आधी आठवड्याला येतात, मग सणावारी. नव्या पेठेतला ‘निवारा’ वृद्धाश्रम शहराच्या ऐन मध्यात आहे आणि त्यामुळे पेठेचं काही बिघडलेलं नाही. 2011च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटीच्या वर होते. ते सगळे काही डोंगराच्या कुशीत मावायचे नाहीत.

मग गप्प बसायचं का? मुळीच नाही. हरकत जरूर घ्या, पण जागेला नको, इमारतीच्या नकाशाला घ्या.

आधी आपला हक्क कुठे आहे ते पाहू. 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्याच्या कलम 37नुसार विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर सूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. पण प्लॉट निवासी विभागातच असला आणि वापर नियमांत बसत असला, तर शेजाऱ्यांना विचारायची पद्धतच नाही. नकाशा थेट बांधकाम परवानगी विभागात जातो आणि तिथे 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर घासून पाहिला जातो: रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, उंची, पार्किंग. म्हणून तो एक महिना वाया घालवू नये. ‘भाव उतरतील’ हे सुनावणीत ऐकून घेतात आणि सोडून देतात.

मोलाचा प्रश्न हा की, ही इमारत घर आहे की रुग्णालय? इथेच सगळी गोम आहे. आत रुग्ण ठेवून उपचार होणार असतील, तर 1949च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा विषय येतो. नुसतं राहणं असेल तर तो येत नाही. असिस्टेड लिव्हिंग या दोन्हींच्या मधोमध लोंबकळतं. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली खरी, पण ती राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेली आहेत. तेव्हा सुनावणीत विचारा: आत ऑक्सिजनचा साठा असेल का? अंथरुणाला खिळलेली माणसं घेणार का, आणि कोणत्या मजल्यावर?

मग नकाशाच मागवा, माहितीच्या अधिकारात मिळतो. दारातला उतार बघा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे त्याचं गणित. म्हणजे जोतं 60 सेंटीमीटर उंच असेल तर उतार 7.2 मीटर लांब हवा, शिवाय सुरुवातीला आणि शेवटी खुर्ची वळवायला सपाट जागा. आता तुमच्या गल्लीतल्या प्लॉटचं पुढचं सामासिक अंतर डोळ्यांपुढे आणा. नकाशात ‘रॅम्प’ असा शब्द लिहिलेला असतो, त्याखाली रेघ असते जेमतेम तीन मीटरची. त्यावरून स्कूटर चढेल. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मावशींचा दम निघेल, आणि पावसात उतरताना खुर्ची त्यांनाच ओढून नेईल. उतार वळवून घ्यावा लागतो किंवा जोतं खाली आणावं लागतं, आणि हे कागदावर असतानाच होतं. एकदा काँक्रीट पडलं की नाही.

लिफ्टचंही तसंच. चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही. मग रात्री दोन वाजता आजोबांना चादरीत घालून जिन्याने उतरवतात.

आणि आग. जे लोक जिना उतरू शकत नाहीत त्यांना आधी त्याच मजल्यावर धूर न पोचणाऱ्या भागात हलवावं लागतं, म्हणजे मजल्याची आग रोखणाऱ्या दारांनी विभागणी हवी. ती नकाशात दिसली पाहिजे. राज्याच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यामुळे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. रात्रपाळीला मदतनीस किती, हे मात्र कुठल्याच नकाशात नसतं. ते सुनावणीत विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगायचं.

रुग्णवाहिकेचा मुद्दाही असा वळवता येतो. भोंगा नको म्हणण्यापेक्षा, गाडी प्लॉटच्या आत येऊन वळून जाईल एवढी जागा मागा. म्हणजे ती रस्त्यात उभी राहणार नाही, आणि तुमच्या स्कूलबसची वाटही अडणार नाही.

अर्ज साध्या मराठीत, एका पानात. सूचनेची तारीख, सर्व्हे नंबर, तुमचा पत्ता आणि दोन-तीनच मुद्दे, प्रत्येकाखाली काय बदल हवा तेही लिहा. शंभर सह्यांच्या एका छापील अर्जापेक्षा दहा जणांचे दहा वेगळे अर्ज द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि सुनावणीचं पत्र आलं की जा. नमस्कार.