गुडघा नवीन बसवला, पण पाय कुठे आहे हे कळतं कशाने?

मंडळी, बसल्याबसल्या एक करून बघा. डोळे मिटा, उजवा पाय गुडघ्यातून थोडासा सरळ करा आणि तसाच धरा. आता डावा पण बरोब्बर तेवढाच उचला आणि डोळे उघडा. बहुतेकांचे पाय जवळपास सारखे आले असतील. ज्यांचे गुडघे झिजलेत किंवा एका बाजूचं ऑपरेशन झालंय त्यांच्यापैकी काहींचा थोडा वरखाली झाला असेल, पण घाबरू नका, आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

न बघता सांधा किती वाकलाय, कुठल्या दिशेला हलतोय हे कळणं, याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. शेरिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ साली हे नाव रूढ केलं. आपल्याला वाटतं ही जाणीव सांध्यातच असते, आणि गुडघ्याच्या लिगामेंटमध्ये (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे), दोन हाडांमधल्या गादीत, भोवतीच्या आवरणात तशा नसा आहेतही. संधिवातात सूज येते, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजून लिगामेंट ढिले पडतात, मांडीचा स्नायू दुखण्यामुळे आखडून-आखडून बारीक होतो, त्यामुळे ही जाणीव ऑपरेशनच्या आधीच कमी झालेली असते. हे पेशंटला सहसा कोणी सांगत नाही.

मग ऑपरेशनमध्ये काय होतं? दोन्ही गाद्या जातात, गुडघ्याच्या आत फुलीसारखे असणारे दोन क्रुशिएट लिगामेंट, त्यातला पुढचा बहुतेक वेळा काढतात, मागचा ठेवायचा की काढायचा हे सांध्याच्या डिझाइनवर आणि सर्जनवर असतं, आणि त्या जागी धातू नि प्लास्टिक बसतं, ज्यात अर्थातच एकही नस नाही. म्हणजे जाणीव पार जायला हवी ना? पण जात नाही, आणि मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. १९७३ मध्ये खुबा बदललेल्या पेशंटवर अभ्यास झाला, त्यांच्या सांध्याचं आवरणसुद्धा काढलेलं होतं, तरी पाय कुठे आहे ते त्यांना बऱ्यापैकी सांगता येत होतं. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ मध्ये, गुडविन, मॅकक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी हाताच्या स्नायूच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) व्हायब्रेटर लावून दाखवलं, की हात जागचा हललेला नसताना माणसाला तो हलतोय असंच वाटतं! म्हणजे ताण मोजणारे मुख्य सेन्सर स्नायूत आहेत, आणि ते ऑपरेशननंतरही तुमच्याकडे असतातच.

१९९१ मध्ये बॅरेट आणि सहकाऱ्यांनी चांगले, झिजलेले आणि बदललेले असे गुडघे तपासले. झिजलेल्यात जाणीव कमी, बदलल्यावर थोडी सुधारलेली, पण तरुण चांगल्या गुडघ्याइतकी नाही. नुसतं इलॅस्टिक बँडेज गुंडाळलं तरी फरक पडला, कातडीवरच्या दाबाचाही उपयोग होतो बहुधा. नंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मागचा लिगामेंट ठेवल्याने जाणीव हमखास चांगली राहते असंही ठामपणे म्हणता येत नाही, त्यामुळे त्या वादात फार शिरू नका.

माझी तळमळ वेगळीच आहे. ऑपरेशननंतर घरचे, शेजारचे, फोनवर मावशी, सगळे एकच विचारतात, "किती वाकतो? नव्वद झाला का?" वाकणं महत्त्वाचं आहेच, पण एका पायावर किती वेळ उभं राहता येतं हे कोणीच विचारत नाही! दुखणं गेलं की व्यायाम बंद, आणि मग रात्री अंधारात बाथरूमला जाताना किंवा जिन्याची शेवटची पायरी उतरताना तोल जातो, कारण तिथे डोळ्यांची मदत नसते आणि बरीचशी भिस्त त्याच स्नायूंवर असते.

म्हणून फिजिओला आवर्जून सांगा की बॅलन्सचे व्यायाम पण द्या. सर्जनने उभं राहायला पूर्ण मोकळीक दिली की किचनच्या ओट्याला धरून एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकणं, मग हळूहळू एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आणि डोळे मिटून उभं राहायचं ते जवळ कोणीतरी असतानाच, एकट्याने अजिबात नाही. जखमेच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते ती चीर घेताना छोटी नस कापली जाते म्हणून, तोलाशी तिचा फारसा संबंध नाही. आणि हो, ऑपरेशन न झालेला दुसरा पाय सोडून देऊ नका, बऱ्याच जणांचा तोही झिजलेला असतो, त्याच्याकडूनही हेच सगळं करून घ्या.