शेकडा किती?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय घरखर्च आणि बचत. घाबरू नका, दिवे बंद करा आणि चहात साखर कमी घाला असलं काही मी सांगणार नाही. ते तुम्ही करताच. दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडणारी, सिलिंडर किती दिवस पुरला हे तोंडपाठ सांगणारी, कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपये सोडवून घेणारी माणसं आपण. हिशेब आपल्या घरात आहेच. माझी तक्रार एवढीच, की तो हिशेब कोथिंबिरीपाशी थांबतो. साठ हजारांच्या कर्जाचा कागद समोर आला की चष्मा सापडत नाही, आणि साहेब दाखवतील तिथे सही करून आपण मोकळे होतो.

म्हणून आजचा प्रश्न एकच. शेकडा किती?

गावाकडे व्याज असंच बोलतात ना? शेकडा दोन, शेकडा तीन. म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये किंवा तीन रुपये. महिन्याला, हे लक्षात ठेवा. बँक बोलते ते वर्षाचं, सावकार बोलतो ते महिन्याचं. 'दोन टक्के' ऐकून स्वस्त वाटतं, पण बाराने गुणलं की होतात वर्षाला चोवीस. शेकडा तीनचे छत्तीस. आणि सावकाराला नावं ठेवणाऱ्या शहरी मंडळींनी आपलं क्रेडिट कार्ड काढून बघावं. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकारणारी कार्डं कितीतरी आहेत. साडेतीन गुणिले बारा, बेचाळीस. सावकार परवडला!

तर व्याज नेहमी वर्षाचं विचारायचं. पुन्हा सांगते, वर्षाचं.

आता हा हिशेब कोणाला जमतो? शिकलेल्यांना, असं आपण धरून चालतो. इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संधी मिळेल तिथे मी ती सांगते, त्यामुळे काहींनी ऐकली असेल. त्यांनी पुन्हा ऐकावी.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला. कोयनेकडे पाऊस धो धो कोसळत असतो आणि त्याच जिल्ह्यात माणदेशातली माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. मेंढरं, बाजरी आणि दुष्काळ, असा हा मुलूख. तिथल्या म्हसवडला मुंबईहून लग्न होऊन आलेल्या चेतना गाला सिन्हा राहतात. पती विजय सिन्हा शेतकरी, आणि दोघंही जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाच्या काळात घडलेले कार्यकर्ते.

एक दिवस त्यांच्याकडे कांताबाई आल्या. लोहारकाम करणाऱ्या बाई. कुटुंब उघड्यावर राहणारं. त्यांना बँकेत बचत खातं काढायचं होतं. कशाला? तर रोज थोडे थोडे पैसे साठवून पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणजे पोरंबाळं भिजणार नाहीत. एवढंच. कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. स्वतःच्या कमाईचे पैसे ठेवायला जागा हवी होती.

चेतनाताई त्यांना घेऊन बँकेत गेल्या. मॅनेजरनं नकार दिला. एवढ्याशा रकमेसाठी खातं चालवणं त्याला परवडणारं नव्हतं.

इथे मी जरा थांबते. तुम्हीआम्ही म्हणतो, गरिबांना बचतीची सवय नाही. आणि इथे एक बाई घाम गाळून कमावलेले पैसे घेऊन दारात उभी आहे, आणि बचत घ्यायलाच कोणी तयार नाही! सवय कोणाला नव्हती, बाईला की बँकेला? असो.

चेतनाताईंनी ठरवलं, बँका खातं काढत नाहीत ना, मग आपण बँकच काढू. बायकांनी भागभांडवल जमवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला. अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर ज्या संस्थेच्या प्रवर्तक सभासद बायकांना लिहितावाचता येत नाही, त्या संस्थेला बँकेचा परवाना कसा द्यायचा? चेतनाताई रडत परत आल्या. ही त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलेली हकिगत आहे, मी पदरचं घालत नाही. तर इकडे बायका काय म्हणाल्या? रडताय कशाला, आम्ही लिहायवाचायला शिकतो, पुन्हा अर्ज करू. आणि वर्ग सुरू झाले. दिवसभर राबून आलेल्या बायका वर्गात येऊन पाटीवर अक्षरं गिरवायला लागल्या.

पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज. या खेपेला चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. पंधरा जणी बरोबर गेल्या. आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर बायका बोलल्या. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा: आम्ही वाढत होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, त्यामुळे न शिकल्याचा दोष आमचा नाही. लिहितावाचता येत नाही हे खरं, पण मोजता येतं. तुम्ही हवी ती रक्कम सांगा, आम्ही तिचं व्याज सांगतो. नाही आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या साहेबांनाही तेच गणित घाला, कॅल्क्युलेटर न घेता. बघू कोण आधी सांगतं.

काय हिंमत बघा! साऱ्या देशाच्या बँकांवर नजर ठेवणाऱ्या बँकेला त्या व्याजाच्या गणिताचं आव्हान देत होत्या.

परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, आणि आजही चालू आहे.

आता या बायकांना ते गणित यायचं कसं, हे समजून घ्या, म्हणजे तुम्हालाही येईल. साडेतीन हजार रुपये, शेकडा दोन, पाच महिने. आपण लगेच मोबाईल शोधतो. शेकड्यानं मोजणारं माणूस म्हणतं, साडेतीन हजारात शेकडे किती? पस्तीस. दर शेकड्याला दोन रुपये, म्हणजे महिन्याला सत्तर. पाच महिन्यांचे साडेतीनशे. झालं! कागद लागला नाही. भाकरी थापताथापता होणारं गणित आहे हे.

जाताजाता एक मत मांडून घेते, विषय थोडा सुटेल. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, पार साडेतीनच्या औटकीपर्यंत पाठ असायचे. सतरा दिडे किती, तर साडेपंचवीस, विचार न करता. ते सगळं आपण घोकंपट्टी म्हणून शाळेबाहेर काढलं. आता पोरं दहावीला गणितात शंभरपैकी नव्वद आणतात आणि दुकानात अडीचशे ग्रॅमचा भाव काढायला मोबाईल उघडतात. माझं ऐकाल तर पावकी-निमकी परत आणा. कोणी ऐकणार नाही, ठाऊक आहे मला.

माणदेशीची गोष्ट अजून थोडी आहे. बँक निघाली तरी बायका बँकेत येईनात. का? कारण बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. पन्नास रुपये ठेवायला शंभरावर पाणी कोण सोडेल? मग बँकच बायकांच्या दारात, बाजारात जायला लागली. पुढे कार्ड द्यायची वेळ आली तेव्हा बायकांनी पिन नको म्हटलं. पिन कोणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? म्हणून अंगठाच चालेल अशी सोय हवी, असं त्यांनीच सुचवलं. आपण अंगठाछाप हा शब्द शिवीसारखा वापरतो. आज आपणच दिवसातून पन्नास वेळा अंगठा टेकवून मोबाईल उघडतो.

बरं, वेळ भराभर चाललाय. उरलेलं झटपट सांगते.

पहिलं, हप्त्याचं कर्ज. दुकानदार म्हणतो, फक्त बारा टक्के, सरळ व्याज. 'फ्लॅट' असा शब्द कानावर पडला की सावध व्हा. फ्लॅट. साठ हजारांचं कर्ज, एक वर्ष, बारा टक्के. व्याज सात हजार दोनशे, हप्ता पाच हजार सहाशे. दिसायला चोख. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता ना? शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे फक्त पाच हजार उरलेले असतात, आणि व्याज मात्र पूर्ण साठ हजारांचं चालू असतं. उरलेल्या रकमेवर व्याज लावणारं बारा टक्क्यांचं कर्ज घेतलंत तर हप्ता बसतो साधारण पाच हजार तीनशे एकतीस, आणि वर्षाचं व्याज चार हजारांच्या आत. टक्के दोन्हीकडे बाराच, फरक सव्वातीन हजारांचा. म्हणजे त्या फ्लॅट बाराचा खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. म्हणून विचारा: व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर? एवढं एक वाक्य पाठ करा. पूर्ण रकमेवर की उरलेल्या?

शून्य टक्के हप्त्यालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रोसेसिंग फी तरी घेतात, नाहीतर रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतात तसं ते.

आता एक हक्काची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून तुमच्याआमच्यासारख्यांना मुदतीचं नवं कर्ज देताना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं तुम्हाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायलाच हवा. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवा, असा नियम आहे. मग मराठीत मागा! सही करायच्या आधी मागा. सही झाल्यावर वाचून काय करणार?

बचतीचं सांगायचं तर मी रोजच्या बचतीच्या बाजूची. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्यांचं उरत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं? आपल्याकडे पिग्मी आहे. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ही योजना काढली, दारात येऊन दोन दोन आणे गोळा करणारी. दिवसाला वीस रुपये टाकले तर वर्षाला सात हजार तीनशे होतात, व्याज सोडून. मुदतीआधी मोडली तर काय कापतात, तेवढं आधी विचारा. पिग्मी नको असेल तर पोस्टाची आवर्ती ठेव आहे, महिना शंभर रुपयांपासून, पाच वर्षांची. आणि दागिना म्हणजे बचत असं म्हणणाऱ्या बहिणींनो, घडणावळ दिलीत ती गेली. मोडायला गेलात की सोनार सोन्याचे देतो, नक्षीचे देत नाही. हौस करा, जरूर करा, फक्त तिला हौस म्हणा.

शेवटचं आहे ते महत्त्वाचं, म्हणून दोनदा सांगते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून, व्याजासकट, पाच लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा एकच लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पण पतसंस्थेला तो नाही. पुन्हा ऐका: सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. नावं सारखीच असतात, काचेचं ऑफिस सारखंच असतं, पिग्मीवाला तर दोन्हीकडे आपल्याच गल्लीतला असतो, त्यामुळे लोकांची गल्लत होते. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. कितीतरी चोख चालतात. पण अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम तिथे एकगठ्ठा ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ठेवू नका.

तर आज रात्री जेवणं उरकली की कपाटातल्या पावत्या काढा आणि वरचं नाव पूर्ण वाचा. बँक लिहिलंय की पतसंस्था? बँक असेल तर ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, घरातल्या कॉलेजच्या पोराला ती उघडायला लावा. पाच लाखांवर रक्कम एकाच बँकेत असेल तर वरची दुसऱ्या बँकेत हलवा, किंवा पोस्टात टाका.

नमस्कार.