अर्ज मंजूर, मग पैसे कुठे अडले?

(दृश्य: तहसील कार्यालयाचं आवार. सेतू केंद्रासमोर रांग.)

निवेदन:
बारावीचा निकाल लागला की घराघरांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. शिष्यवृत्तीचा विषय निघतो तो फीचा आकडा समोर आल्यावर. पण तिचं पहिलं काम कॉलेजात नाही, इथे तहसील कार्यालयात आहे: उत्पन्नाचा दाखला. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, तहसीलदारांचाच दाखला लागतो. तलाठ्याचा दाखला तो काढण्यापुरता कामाचा, अर्जाला जोडला तर अर्ज परत येतो. दाखल्यावरची मुदतही नीट वाचा. ती बहुतेक वेळा ३१ मार्चला संपते. म्हणून गेल्या वर्षीचा दाखला यंदा चालेल असं धरून चालू नका.

(दृश्य: अभियांत्रिकी कॉलेजचं विद्यार्थी विभागाचं काउंटर.)

आता योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क सरकार भरतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने यात मोठा बदल झाला. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना हीच सवलत शंभर टक्के मिळते. उत्पन्नाची मर्यादा तीच. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या किंवा खासगी अभिमत विद्यापीठातल्या प्रवेशाला ती लागू नाही. ही अट प्रवेश घेण्याआधी कळायला हवी, कारण नंतर त्यावर उपाय उरत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हा भत्ता राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या जोडीने घेता येतो. तरीही एकच अर्ज करून थांबणारी मुलं फार आहेत, आणि खोलीभाड्याचा हक्काचा आधार त्यांच्या हातून जातो.

(दृश्य: संगणकाचा पडदा. महाडीबीटीचं प्रोफाइल.)

अर्जाआधी प्रोफाइल पूर्ण भरावं लागतं. इथल्या नावाकडे बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नावच नाही. अशा तीन नावांनी अर्ज भरला की छाननीत तो अडलाच म्हणून समजा. आधार आधी दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज. अभ्यासक्रमाच्या पानावर कॅपचा अर्ज क्रमांक जसाच्या तसा टाका. मागच्या शिक्षणात मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर तेही दाखवा.

आणखी एक गोष्ट. नोंदणी नेट कॅफेत करत असलात तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयात जातो. यातल्या कुठल्याही टेबलावरून तो 'सेंड बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊ शकतो. त्याचा निरोप नोंदवलेल्या नंबरवरच येतो. नंबर कॅफेवाल्याचा असेल तर दुरुस्तीची मुदत तुमच्या नकळत संपते. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून अर्जाची स्थिती बघत राहा. शेरा वाचा, तेवढाच कागद बदला आणि अर्ज पुन्हा सादर करा. नुसता कागद बदलून बाहेर पडलात तर अर्ज तुमच्याकडेच पडून राहतो.

(दृश्य: बँकेची शाखा. पासबुक छापणारं यंत्र.)

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अर्ज मंजूर, पण खात्यात काही नाही. सरकारचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि अनेक खाती असतील तर ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडलं गेलं तिथे. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव कळतं. 'इनॅक्टिव्ह' दिसलं तर शाखेत जाऊन आधार जोडणीचा अर्ज द्यावा लागतो. केवायसीच्या वेळी दिलेली आधारची झेरॉक्स त्यासाठी पुरत नाही.

खात्याचा प्रकारही विचारून घ्या. पूर्ण केवायसी न झालेल्या छोट्या खात्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. अभियांत्रिकीच्या फीची मोठी रक्कम अशा खात्यावर आली की परत जाऊ शकते. केवायसी पूर्ण केली की मर्यादा निघते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. पावती घ्या आणि जपून ठेवा.

(दृश्य: दुसऱ्या वर्षाचा वर्ग, हजेरी चालू आहे.)

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. त्यासाठी मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि योजनेने ठरवलेली हजेरी लागते. काही अडलंच तर महाडीबीटीवर 'तक्रार / सूचना' असा विभाग आहे. तिथे अर्ज क्रमांक टाकून शेऱ्याचा स्क्रीनशॉट जोडा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातही लेखी नोंदवा.