लिंबाच्या रसातून आलेला मीटर

नमस्कार श्रोतेहो.

सप्टेंबर उजाडला की इथे कॅलिफोर्नियात आपल्यापैकी काहींच्या गॅरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्या येऊन पडतात. घरी पिण्यापुरती वाइन करायला इथे कायद्याची मोकळीक आहे. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची मात्र नाही. महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, की तिथे परवान्याशिवाय हे करता येत नाही.

द्राक्षं चिरडणं, यीस्ट घालणं, गाळणं हे तुम्हाला येतंच. आज बोलायचंय ते पीएच मीटरबद्दल, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या यंत्राबद्दल. पीएचचा आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. स्वस्तातला मीटर घ्यायचा तर कोणता घ्यायचा, आणि मुळात घ्यायचाच कशासाठी?

आधी कशासाठी ते सांगतो. वाइन टिकावी म्हणून आपण मेटाबायसल्फाइट घालतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. पण त्यातला जंतूंना आवरणारा भाग किती, हे वाइनच्या पीएचवर ठरतं. पांढऱ्या वाइनचा हिशेब ऐका. पीएच ३.२ असेल तर लिटरला २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. पीएच ३.५ असेल तर ४० लागतो. ३.८ असेल तर जवळजवळ ८०. पुन्हा सांगतो: २०, ४०, ८०. पीएच तीन दशांश वर गेला की मात्रा दुप्पट. वीस लिटरच्या काचेच्या बरणीत हेच मेटाबायसल्फाइट ०.७ ग्रॅम, १.४ ग्रॅम आणि २.८ ग्रॅम असं पडतं. काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, तो यात धरलेला नाही. आणि हो, स्वयंपाकघरातला पूर्ण ग्रॅम दाखवणारा काटा इथे चालत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच. माझ्या मते वाइनच्या महागड्या ग्लासांच्या आधी घरात हा काटा यावा.

आता तुम्ही म्हणाल, पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात की! मिळतात. पण लाल वाइनमध्ये पट्टी बुडवली की पट्टीचा रंग कुठला आणि वाइनचा कुठला, हेच कळेनासं होतं. शिवाय सल्फर डायऑक्साइड रंग उडवतो. याच रंग उडण्यातून पीएच मीटरचा जन्म झाला, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पीएच ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी मांडली. म्हणजे मोजपट्टी आली बिअरवाल्यांकडून. मीटर मात्र आला लिंबातून, आणि तोही इथून, दक्षिण कॅलिफोर्नियातून.

साल १९३४. मंदीचा काळ. कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज ही संत्री-लिंबं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था. सनकिस्ट हा शिक्का तिचाच. बाजारात न चालणारी लिंबं फेकून देण्यापेक्षा त्यांचं सायट्रिक ॲसिड आणि पेक्टिन काढायचं, हे काम संस्थेत चालायचं. तिथे ग्लेन जोसेफ नावाचे रसायनतज्ज्ञ होते. रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असायचा. तोच, आपला वाइनमधला. जोसेफना त्या रसाची आंबटी मोजायची होती. लिटमस घातला तर सल्फर डायऑक्साइडने त्याचा रंग उडायचा. हायड्रोजन इलेक्ट्रोड, म्हणजे द्रवात बुडवून विजेवरून आंबटी मोजणारी कांडी, लावला तर त्याच वायूने तो निकामी व्हायचा. उरला काचेचा इलेक्ट्रोड. पातळ काचेचा फुगा, आत द्रव. त्याला सल्फर डायऑक्साइडचं काही सोयरसुतक नाही. पण काचेतून वीज जाते ती अगदी नावाला. वीज मोजणाऱ्या त्या वेळच्या गॅल्व्हनोमीटरची सुई हलायला ती पुरेना. सुई हलवायची तर फुगा मोठा आणि काच आणखी पातळ करावी लागायची, आणि असा फुगा जरा धक्का लागला की फुटला!

जोसेफ यांचे इलिनॉय विद्यापीठातले जुने सोबती पासाडीनाला कॅलटेकमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांचं नाव आर्नल्ड बेकमन. इलिनॉयमधल्या कलम नावाच्या छोट्या गावातल्या लोहाराचा हा मुलगा. जोसेफ त्यांच्याकडे गेले आणि अडचण सांगितली. बेकमन यांचं म्हणणं असं, की काच पातळ करत बसण्यापेक्षा वीज मोठी करून वाचू. रेडिओत असते तशी व्हॅक्यूम ट्यूब घ्यायची आणि विजेचा तो क्षीण दाब वाढवून मीटरवर दाखवायचा. मग फुगा लहान, जाड, दणकट केला तरी चालतो. त्यांनी तसं यंत्र बनवून दिलं आणि जोसेफ ते घेऊन गेले.

काही महिन्यांनी जोसेफ परत दारात हजर. यंत्र बिघडलं म्हणून आले असतील असं वाटेल, पण ते आले होते दुसरं यंत्र मागायला. पहिलं यंत्र सहकारी सारखे उचलून न्यायचे, आणि जोसेफना स्वतःला वापरायला मिळेना! बेकमन यांच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. त्या एवढ्याशा प्रयोगशाळेत एकाला दोन यंत्रं लागतात, तर बाहेर किती जणांना लागतील? १९३४च्या ऑक्टोबरात त्यांनी पेटंटचा अर्ज केला. १९३५ साली अक्रोडाच्या लाकडी पेटीत बसवलेलं, सुमारे सात किलोचं यंत्र बाजारात आलं. किंमत १९५ डॉलर, त्या काळातले! विकेल की नाही कोण जाणे, म्हणून बेकमन पत्नीला घेऊन रेल्वेने विक्रेत्यांच्या दारोदार फिरले. फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या विक्रेत्याचा अंदाज होता, दहा वर्षांत फार तर ६०० खपतील. १९३६ या एकाच वर्षात चारशेहून जास्त खपले.

जाता जाता एक सांगून टाकतो. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने स्वतःची प्रयोगशाळा ठेवली, त्यात पगारी रसायनतज्ज्ञ ठेवला, आणि टाकाऊ लिंबाच्या रसातून जगभर वापरलं जाणारं उपकरण निघालं. आपल्याकडे सहकाराची एवढी मोठी परंपरा आहे. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या, आंब्याच्या प्रत्येक सहकारी संस्थेत एक प्रयोगशाळा आणि एक रसायनतज्ज्ञ असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. असो.

आता खरेदी. मुद्दे थोडे आहेत, पण नीट ऐका.

पडद्यावर किती आकडे दिसतात ती एक गोष्ट, त्यातले किती खरे ही दुसरी. वीसेक डॉलरची पेनं ०.१ किंवा ०.०१ दाखवतात, पण त्यातल्या बऱ्याच पेनांच्या माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे ०.१ लिहिलेली असते. म्हणजे मीटर ३.५ म्हणतो तेव्हा वाइन ३.४ असू शकते किंवा ३.६. सल्फर डायऑक्साइडच्या भाषेत हा फरक ३२ मिलिग्रॅम की ५०, एवढा आहे. वाइनसाठी अचूकता अधिक-उणे ०.०५ किंवा त्याहून चांगली हवी. पुन्हा सांगतो, अधिक-उणे ०.०५. खोक्यावर न बघता माहितीपत्रकात बघा. हॅना कंपनीचे पीएचेप ४ आणि पीएचेप ५ हे मीटर दिसायला भावंडं आहेत, पण ४ची अचूकता ०.१ आणि ५ची ०.०५. नंबर न बघता उचलला की फसगत होते.

कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक पीएचच्या द्रावणात बुडवून मीटर जुळवणं, दोन बिंदूंवर करता आलं पाहिजे, ७ आणि ४. या द्रावणांना बफर म्हणतात. एकाच बिंदूवर जुळवता येणारा मीटर वाइनसाठी घेऊ नका. ७ला बरोबर दाखवणारा म्हातारा इलेक्ट्रोड ३.५ला खुशाल चुकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इलेक्ट्रोड बदलता येतो का ते विचारा. काचेचा फुगा वर्ष-दोन वर्षांत थकतो. वापरा किंवा न वापरा, थकतोच. इलेक्ट्रोड बदलता येत नसेल तर पूर्ण मीटर फेकावा लागतो. म्हणून पन्नास-साठ डॉलरचा, इलेक्ट्रोड बदलता येणारा मीटर वीसच्या पेनापेक्षा शेवटी स्वस्त पडतो. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला इलेक्ट्रोड घेऊ नका, त्यावरची तारीख बघा.

खोक्यावर एटीसी लिहिलेलं असतं. ते तापमानामुळे इलेक्ट्रोडमध्ये पडणारा फरक भरून काढतं, एवढंच. वाइनचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, तो ते दुरुस्त करत नाही. म्हणून बफर आणि वाइन दोन्ही खोलीच्या तापमानाला आणूनच मोजा.

मीटरसोबत तीन वस्तू घ्याच: ४ आणि ७चे बफर, इलेक्ट्रोड ओला ठेवायचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, आणि डिस्टिल्ड वॉटर. बफर छोट्या कपात ओतून वापरा, वापरलेला परत बाटलीत ओतू नका.

मीटर खरं बोलतो का, याची घरगुती परीक्षा आहे. बेकिंगच्या सामानात क्रीम ऑफ टार्टर मिळतं. अर्धा कप डिस्टिल्ड पाण्यात एक चमचा घाला आणि पाच मिनिटं ढवळा. थोडं तळाशी न विरघळता राहिलंच पाहिजे. वरच्या निवळीचा पीएच २५ अंश सेल्सियसला ३.५६ असतो. वाइनच्या पट्ट्यात बरोबर मधोमध! थंडीत वाइनच्या बाटलीच्या तळाशी खडे बसतात ते हेच मीठ. मीटरने ३.५०च्या खाली किंवा ३.६२च्या वर दाखवलं, तर पुन्हा कॅलिब्रेट करा. निवळी प्रत्येक वेळी ताजी करा, ठेवली तर बुरशी धरते.

मोजताना फसफसणारा रस तसाच घेऊ नका, त्यातला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो. नमुना बाटलीत जोरात हलवा, झाकण उघडा, पुन्हा हलवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि मऊ कागदाने टिपा. टिपा म्हणतोय, पुसू नका. पुसल्याने फुग्यावर स्थिर वीज बसते आणि काचेवर चरे पडतात. मग नमुन्यात हलकेच फिरवून थांबा. चांगला इलेक्ट्रोड अर्ध्या मिनिटात ते मिनिटभरात ठरतो. आकडा दोन-तीन मिनिटं सरकतच राहिला तर काचेवर लाल रंग आणि टॅनिन बसलंय. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, धुवा, ठेवणीच्या द्रावणात तासभर ठेवा, आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. तरीही तसंच असेल तर नवा इलेक्ट्रोड आणा.

नव्या मीटरच्या टोपीभोवती पांढरे खडे दिसले तर घाबरून परत पाठवू नका. ते सुकलेलं पोटॅशियम क्लोराइड आहे, पाण्याने धुतलं की जातं. आणि काम झाल्यावर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची चूक करू नका, त्याने आतलं मीठ बाहेर येतं. टोपीतल्या स्पंजावर ठेवणीच्या द्रावणाचे थेंब टाका, टोपी घट्ट बसवा, मीटर उभा ठेवा. पुढच्या हंगामापर्यंत महिन्यातून एकदा टोपी उघडून ओल आहे ना, तेवढं बघत जा.

नमस्कार.