सुई डॉक्टरच्या हातात, कुत्रा नर्सच्या

[दृश्य : इंग्लंडमधल्या लहान शहरातला प्राण्यांचा दवाखाना. तपासणीच्या टेबलावर लॅब्रॅडॉर. बाटलीहिरव्या गणवेशातली नर्स.]

निवेदन :
लस टोचताना सगळ्यांचं लक्ष सुईकडे असतं. कुत्रा कुणी धरलाय, हे फारसं कुणी बघत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा तो व्हेटर्नरी नर्सने धरलेला असतो. तिचा एक हात त्याच्या हनुवटीखाली, दुसरा छातीभोवती. कुत्र्याने श्वास रोखला, अंग ताठ केलं, की डॉक्टरच्या आधी हिला कळतं, कारण ते तिच्या तळहाताखालीच घडत असतं. यातल्या काही जणी पुढे शिक्षिका होतात, काही प्राण्यांच्या वर्तनाचं काम करतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नर्सिंग सोडून दुसरीकडे वळल्या. तसं ते नाही. टेबलापाशी जे हाताला कळत होतं, तेच काम त्या पुढे नेतात.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो.]

निवेदन :
या पेशाचा इतिहास थोडा गमतीशीर आहे. डॉक्टरांच्या हाताखाली प्राणी सांभाळणाऱ्या बायका पूर्वीपासून होत्याच, पण त्यांचं रीतसर प्रशिक्षण १९६१ साली ‘रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स’ने सुरू केलं. आता त्यांना नर्स म्हणावं, तर तेही चालेना. ते नाव माणसांच्या नर्ससाठी कायद्याने राखून ठेवलेलं! मग या मुलींना मिळालं ‘रजिस्टर्ड अॅनिमल नर्सिंग ऑक्झिलरी’ असं लांबलचक बिरूद. काम नर्सचं, नाव मदतनिसाचं. १९६५ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ‘व्हेटर्नरी नर्स’ हे नाव मिळायला मात्र १९८४ उजाडलं.

१९९१ साली कायदा बदलला आणि डॉक्टरच्या निर्देशाखाली औषधोपचार, किरकोळ शस्त्रक्रिया करायची मुभा मिळाली. छाती किंवा पोट उघडायचं नाही, ही मर्यादा तेव्हाही होती, आजही आहे. २००७ पासून नर्सच्या नावांची नोंदवही आली, म्हणजे नाव आलं तशी जबाबदारीही आली. आज नर्सने चूक केली तर तिला स्वतःच्या नावावर उत्तर द्यावं लागतं. डॉक्टरच्या मागे लपता येत नाही.

[दृश्य : दवाखान्याची मागची खोली. पिंजऱ्यांची रांग. शिकाऊ नर्स आणि तिची मार्गदर्शक.]

निवेदन :
विद्यार्थिनीला वर्गाखेरीज किमान १८०० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढावे लागतात. तिथे तिला शिकवायला असते ‘क्लिनिकल कोच’, म्हणजे बहुधा अनुभवी नर्सच. शिकवण्याच्या नोकरीची पहिली पायरी बऱ्याच जणींसाठी हीच ठरते. आधी आपल्या दवाखान्यातली एक मुलगी शिकवायची, मग कॉलेजात तासाला जायचं, मग परीक्षक, मग पूर्णवेळ अध्यापक.

आणि शिकवायला उभं राहिलं, की आपण इतकी वर्षं जे करत आलो ते का करत होतो, हे सांगावं लागतं. इथेच खरी पंचाईत होते. उदाहरणच बघू या.

[दृश्य : टेबलावर मांजराचा कॅरियर, म्हणजे त्याला नेण्याची पेटी. वरून टॉवेल टाकलेला.]

निवेदन :
मांजर मानेच्या कातडीला धरून उचलायचं, टेबलावर दाबून धरायचं, ही जुनी पद्धत. का? तर आई पिल्लाला तशीच उचलते. पण मोठं झालेलं मांजर म्हणजे पिल्लू नव्हे. मान पकडल्यावर ते गप्प बसतं ते शांत झालं म्हणून नाही, पळायची वाट बंद झाली म्हणून. ‘इंटरनॅशनल कॅट केअर’ या संस्थेने अशा धरण्याला ठाम विरोध केला, आणि २०१२ पासून मांजरांना सोयीच्या दवाखान्यांना मान्यता द्यायला सुरुवात केली.

आता ही कोच काय करते ते पाहा. कॅरियर तिरका करून मांजराला बाहेर ओतत नाही. झाकणाचे चाप काढते, वरचा भाग उचलते. मांजर खालच्या अर्ध्या भागात, आपल्याच वासाच्या चादरीवर बसलेलं. डोक्यावर टॉवेल तसाच. छातीवर स्टेथोस्कोप टॉवेलखालून जातो. थर्मामीटर सगळ्यात शेवटी, आणि गरज नसेल तर नाहीच. विद्यार्थिनीचे हात मोकळेच असतात. तिला जरा चुकल्यासारखं वाटतं. धरायला शिकायला आलेय, आणि ही म्हणते, हात काढ.

[दृश्य : प्रतीक्षागृह. बाकाखाली बसलेला छोटा टेरियर. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर.]

निवेदन :
मालक म्हणतात, “काहीही कारण नसताना एकदम चावला.” वर्तनाचं काम करणाऱ्या नर्सचा बराचसा वेळ हे वाक्य उलगडण्यात जातो. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची एक शिडी मांडली आहे. तळाला जांभई, पापण्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, अंग वळवणं, निघून जाणं. मग कान मागे, शेपूट पायांत. मग ताठ होऊन रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत चावा, आणि सगळ्यात वर खरा चावा. चावलेला कुत्रा बहुधा खालच्या बऱ्याच पायऱ्या चढून आलेला असतो; त्या आपण पाहिलेल्या नसतात. आणि गुरगुरल्याबद्दल रोज मार मिळाला, तर तो गुरगुरणं सोडून देतो. राग सोडत नाही. इथे घरंदाज, चांगली माणसंही हमखास चुकतात.

पण नर्स शिडी समजावून थांबत नाही. तिची पहिली शंका दुखण्यावर असते. लिंकन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं, की वर्तनाच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी निदान एक-तृतीयांशांच्या मागे काही ना काही वेदना असते; काही ठिकाणी हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जातं. मांडीवर घेतलं की चिडणारं कुत्रं हट्टी नसतं, पुष्कळदा त्याचा खुबा दुखत असतो. मांजर ट्रेबाहेर लघवी करतं ते सूड म्हणून नव्हे, कधी मूत्राशयाला सूज असते म्हणून. निदान करणं, औषध लिहून देणं नर्सच्या हातात नाही. ते डॉक्टरचं काम. पण “आधी तपासून घ्या” हे म्हणायला कुणीतरी लागतं.

हे सांगायचं कारण, ब्रिटनमध्ये कुणीही उठून ‘बिहेव्हियरिस्ट’, म्हणजे वर्तनतज्ज्ञ, अशी पाटी लावू शकतो. कायद्याची आडकाठी नाही. म्हणून २०१० साली ‘अॅनिमल बिहेव्हियर अँड ट्रेनिंग काउन्सिल’ निघालं. पात्रता असलेल्यांची यादी ते ठेवतं, आणि त्या यादीतले वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याच्या शिफारशीवरच प्राणी घेतात. नर्सला इथे फायदा असा, की शरीरशास्त्र, औषधं, भूल, सगळं तिने आधीच कोळून प्यायलेलं असतं. वर्तनाचं शिक्षण मात्र तिला वेगळं, पुष्कळ वेळा स्वतःच्या खिशातून, घ्यावं लागतं. पगाराबद्दल फार बोलायला नको. या पेशात बहुसंख्य बायका आहेत, आणि ‘व्हेटर्नरी नर्स’ या नावाला कायद्याचं संरक्षण मिळावं ही मागणी अनेक वर्षं चालू आहे.

[दृश्य : संध्याकाळी बंद झालेला दवाखाना. खुर्च्या गोलाकार. पिल्लं आणि त्यांचे मालक.]

निवेदन :
दवाखान्यात पिल्लांना एकत्र आणायच्या या कार्यक्रमाचं ‘पपी पार्टी’ हे नाव ऐकून हसू येतं, पण मागचा हिशेब गंभीर आहे. अमेरिकेत बार हार्बरला स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाहून १९६५ साली दाखवून दिलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जग ओळखीचं होतं. मांजराच्या पिल्लाचा हा काळ त्याहून आधी, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे शिकायचे दिवस आणि कोंडून राहायचे दिवस एकच. ही कोंडी नर्सने धुऊन-पुसून घेतलेल्या खोलीत सोडवायची.

वाईट घेतलेली पार्टी न घेतलेलीच बरी. सगळी पिल्लं एकदम मोकळी सोडली, की एखादं खुर्चीखाली शिरतं आणि तिथूनच शिकतं, की बाकीचे कुत्रे धोक्याचे असतात. चांगली नर्स दोन-दोन पिल्लं सोडते, आणि खुर्चीखालच्याला कुणीही ओढून काढू नका म्हणून मालकांना दटावते.

[दृश्य : लाकडी फरशीवर छोटी बादली, आत खाऊ. समोर बसलेला कुत्रा. नर्सचा हात त्याच्या कानाकडे.]

निवेदन :
लंडनचे प्रशिक्षक चिराग पटेल यांनी एक खेळ रूढ केला, ‘बकेट गेम’. बादलीत खाऊ. कुत्रा बादलीकडे बघतोय तोवर नर्सचा हात कानाजवळ जाईल, कान उचलेल, आत बघेल. त्याने नजर वळवली, की हात तत्क्षणी मागे. पुन्हा बादलीकडे बघितलं, की पुन्हा सुरू. कुत्र्याला हळूहळू कळतं, की थांबवणं आपल्या हातात आहे. मग तो फार कमी वेळा थांबवतो. वेळ जातो, हे खरं. पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये हे बसत नाही. म्हणून हे काम डॉक्टरकडे न येता नर्सच्या वेगळ्या क्लिनिककडे येतं.

आपल्याकडे नर्सची अशी नोंदणी नाही. गावोगावी पशुधन पर्यवेक्षक आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः गाईम्हशींचं. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात कुत्रा धरतो तो कंपाउंडर, वॉर्डबॉय, नाहीतर मालक स्वतः, तोंड दुसरीकडे करून.

[दृश्य : लंडनच्या उपनगरातली रात्र. आकाशात फटाके. खिडकीआड सोफ्यामागे दडलेला कुत्रा.]

निवेदन :
ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला ‘गाय फॉक्स’ची रात्र, म्हणजे तिथली फटाक्यांची रात्र, आणि दिवाळी बहुधा त्याच्याच आगेमागे. तिथल्या मराठी घरातल्या कुत्र्याला दोन्हीकडून मार. पूर्वी अशा वेळी एसीपी नावाची गोळी सर्रास दिली जायची. कुत्रा आडवा पडायचा, मालक खूश. पण ती हालचाल थांबवते, भीती नाही. कुत्रा सगळं ऐकत असतो, फक्त उठता येत नाही. आता भीतीवरच काम करणारी औषधं आली आहेत आणि ती डॉक्टर देतात.

नर्सचा भाग वेगळा आणि लांबचा. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण आधी इतक्या बारीक आवाजात, की कुत्रा कानही टवकारणार नाही. सोबत खाऊ. पुढच्या आठवड्यात कणभर मोठा. कान मागे गेले, की एक पायरी खाली. याला कित्येक आठवडे लागतात, म्हणून ती ऑगस्टमध्येच या म्हणते. फोन खणखणायला लागतो तो ४ नोव्हेंबरला.