कुसळ, मुसळ आणि माईक

मंडळी, ख्रिस्ती विनोदवीर म्हटलं की शिव्या न देणारा माणूस, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. ते अपुरं आहे. ब्रिटिश विनोदवीर फ्रँक स्किनर हा श्रद्धावान कॅथलिक. २०२१ मध्ये त्याने विनोदवीराच्या प्रार्थनांचं एक पुस्तकही लिहिलं. रंगमंचावर मात्र तो ओळखला जातो चावटपणासाठी. तेव्हा कोणते शब्द वर्ज्य, हा प्रश्न दुय्यम. विनोदाचं टोक कोणाकडे वळलंय, हे आधी बघायचं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात कुसळ आणि मुसळ आहे. आपण हे शब्द इतके वापरलेत की त्यातलं चित्र दिसेनासंच झालंय. ते एकदा नीट बघा. एका माणसाच्या डोळ्यात अख्खं मुसळ आहे आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला वाकतो. कुसळापर्यंत हात पोचायच्या आधी मुसळ समोरच्याच्या कपाळावर आदळणार! हा चक्क अंगविक्षेपी विनोद आहे, आणि त्याचा रोख उपदेश करणाऱ्यावर आहे.

अमेरिकेतला जिम गॅफिगन याच वाटेवरचा. कॅथलिक, पाच मुलांचा बाप, बायकोबरोबर बसून लिहिणारा. त्याचा बराचसा विनोद खादाडपणा आणि आळस यांवर उभा आहे. दोन्ही सात महापापांच्या यादीतले, दोन्ही स्वतःचे. मध्येच तो आवाज बारीक करतो आणि आपल्यावर नाराज झालेल्या प्रेक्षकाच्या मनातलं बोलून दाखवतो. म्हणजे कबुली देणारा तोच आणि न्यायाधीशही तोच.

पण नुसत्या कबुलीला कोणी हसत नाही. 'प्रार्थनेत माझं लक्ष लागत नाही' हे वाक्य घ्या. खरं आहे, पण थंड आहे, कारण त्यात दिसण्यासारखं काही नाही. आता त्यात वस्तू घाला: 'प्रार्थनेला बसलो की गॅस चालू राहिल्याचं मला आठवतं.' बरं झालं, तरी अजून ढिलं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे स्फोट करणारा शब्द मध्येच फुटतो आणि 'आठवतं' हे शेपूट मागे लोंबतं. म्हणून वाक्य मोडायचं: 'डोळे मिटले, हात जोडले, म्हटलं, हे प्रभू, तू माझा मेंढपाळ... गॅस!' इथे थांबायचं. हशा ओसरायच्या बेताला आला की जोड द्यायची: 'परत येऊन बसलो. कुठवर आलो होतो, देव जाणे.' या जोडीत एक अक्षरही नवं नाही, रोजचा वाक्प्रचार आहे. फक्त या प्रसंगात तो शब्दशः खरा ठरतो.

शिवी टाळणाऱ्याची खरी अडचणही इथेच आहे. शिवी हातोड्याचं काम करते: वाक्याला ठोका देते आणि साचलेला ताण मोकळा करते. ती काढली की तिथे खड्डा पडतो. तो 'अरे देवा' वगैरे सौम्य उद्गारांनी बुजत नाही, त्यासाठी ठोस नाम लागतं. ब्रिटिश विनोदवीर टिम व्हाइनसारखे लोक तर सगळा भार शब्दांच्या कोट्यांवरच टाकतात. २००४ मध्ये त्याने एका तासात ४९९ विनोद सांगून विक्रम केला, म्हणजे साधारण सात सेकंदांना एक. एवढ्या वेगात कोणाला दुखवायलाही सवड मिळत नाही.

कार्यक्रम चर्चच्या सभागृहात असेल तर जागेकडेही बघावं लागतं. पूर्ण उजेडात माणसं शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून हसतात, म्हणून प्रेक्षकांवरचे दिवे मंद करून घ्यावेत. पुढचे बाक हमखास रिकामे असतात, ते आधी भरावेत. उंच छतामुळे आवाज घुमतो, तेव्हा पुढचं वाक्य नेहमीपेक्षा थोडं उशिरा सुरू करावं.

बिघाड होतो तो बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत. विनोद रंगलेला असतो आणि वक्त्याला प्रवचनाची उबळ येते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी प्रेक्षक प्रत्येक किश्शात बोधाचा वास घेत बसतात, आणि अनपेक्षितपणा संपला की विनोदही संपला. दुसरा धोका टाळ्यांचा. श्रद्धावान प्रेक्षक सहमतीने टाळ्या वाजवतात. नवख्याला ती दाद वाटते. मग तो हसवणारं सोडून पटणारं बोलू लागतो. आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेची टवाळी शुद्ध भाषेत केली म्हणून ती स्वच्छ होत नाही. माझ्या मते ती शिवीपेक्षा वाईट.

प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अचकट थट्टेला मनाई करतो. तिथला मूळ ग्रीक शब्द 'युत्रापेलिया'. गंमत अशी की ॲरिस्टॉटलने हाच शब्द खेळकर, प्रसंगावधानी माणसाच्या सद्गुणासाठी वापरला होता, आणि तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनासनेही तो सद्गुणांतच धरला. एकच शब्द, एकीकडे दोष तर दुसरीकडे गुण. ख्रिस्ती विनोदवीर याच चिरेवर उभा राहून काम करतो.

मग देवाची थट्टा? १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमध्ये शंभराहून अधिक विनोदवीरांना भेटले, तेव्हा त्यांनी सांगितलं की आवडत्या माणसांशी आपण थट्टामस्करी करतो, तसं देवाला हसणंही चालेल. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तर ही देवघेव घडलेलीच आहे. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहामाची बायको सारा मनातल्या मनात हसते. देव विचारतो, ती का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. तो म्हणतो, नाही, हसलीसच. संवाद तिथेच तुटतो, शेवटचं वाक्य देवाचं. पुढे मूल होतं आणि त्याचं नाव इसहाक ठेवतात, म्हणजे 'तो हसतो'. आधीचा विनोद नंतर पुन्हा उचलण्याला आमच्याकडे कॉलबॅक म्हणतात. साराला तो पोराला जेवायला हाक मारताना रोज ऐकू येत असणार.