आवाज बसला, तेव्हा

[दृश्य: चवथीची रात्र. फळाफुलांनी सजवलेल्या माटोळीखाली गणपती. घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं. आरती टिपेला पोचते.]

आमच्या वाड्यावर चवथीची आरती एका घरात संपत नाही. एका घरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, मध्यरात्र होईपर्यंत. घुमटावर थाप पडली की गळा आपसूक वर चढतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलं. घुमट आरतीला उभं राहिलेल्या कुणालाही ते अंगानं ठाऊक असतं.

विसर्जन करून परतताना निम्म्या वाड्याचा आवाज बसलेला असतो. त्याचं आम्हाला कौतुक वाटतं. घसा बसला म्हणजे आरत्या मनापासून झाल्या.

आत्ता तुम्ही ऐकताय तो माझा आवाज दोन वर्षांपूर्वी असाच बसला. चवथ सरली, दसरा गेला, दिवाळी आली. तो काही सुटला नाही.

[दृश्य: कौलारू शाळा, पागोळ्या. फळ्यासमोर उभ्या बाई.]

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. दोन वर्ग एकाच खोलीत. पाऊस कोसळायला लागला की पाढे ओरडूनच म्हणावे लागतात. संध्याकाळी जत्रेच्या नाटकाची तालीम, एकादशीला भजन. गळ्याला सुट्टी अशी नव्हतीच. तालमीत आमचे मामा म्हणायचे, "आवाज बसला की समज, भूमिका बसली." गेली कित्येक वर्षं ते राजाची कामं करतात, त्यांच्या शब्दाला मान आहे. मीही तो मानला.

खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस झाला. घशाला बरं वाटायचं, आवाज होता तिथेच. कारण साधं आहे, पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं. आवाज काढणाऱ्या स्वरपट्ट्या असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. आल्याच्या रसाचा थेंब खरोखर तिथवर पोचला, तर ठसका लागून जीव कासावीस होईल. पाण्याचंही तसंच. घोट घेतला की लगेच पट्ट्या ओल्या होत नाहीत. दिवसभर पुरेसं पाणी पोटात गेलं, तरच शरीर त्यांना ओलावा देतं.

जवळच्या एका दवाखान्यात तीनदा गोळ्या मिळाल्या. आत कुणी पाहिलं नाही. त्यात गेलेल्या दिवसांची मला आजही हळहळ वाटते. आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र आतून पाहून घ्यायलाच हवं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर चालढकल करूच नये. घोगरेपणा हे स्वरयंत्राच्या कॅन्सरचंही पहिलं लक्षण असू शकतं.

[दृश्य: पडद्यावर स्वरयंत्राची हलती प्रतिमा. पार्श्वसंगीत नाही.]

शेवटी एका तज्ज्ञांनी दुर्बीण घातली आणि मला माझाच आवाज पडद्यावर दिसला. तिसऱ्याच्या शिंपल्याची आतली बाजू असते तशा दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतायत, मिटतायत. बाईच्या आवाजात त्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर येतात. म्हणजे मिनिटभर नुसता 'आ' धरला, तरी १२,००० वेळा. डोळ्याला हे दिसणं शक्य नाही. म्हणून प्रकाशाची उघडझाप त्या कंपनाशी किंचित पुढेमागे ठेवतात आणि हालचाल संथ दिसते.

माझ्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर दोन लहान फुगवटे होते. सतत कोयता धरणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात, तसे. पट्ट्या जिथे सर्वांत जोरात आदळतात, नेमके तिथे. मिटताना मध्ये फट राहत होती. वारा तिथून निसटायचा, आणि तो भरून काढायला मी आणखी जोर लावायची.

"कापायचं का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. आधी वापरायची रीत बदलूया," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला वाचोपचाराला, म्हणजे स्पीच थेरपीला, पाठवलं. अशा गाठींवर बहुधा पहिला उपाय तोच असतो.

[दृश्य: टेबलावर स्टीलचा पेला, पाणी, एक नळी.]

पहिल्या दिवशी वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी माझ्यापुढे हा पेला ठेवला. नळीचं टोक बोटभर पाण्यात बुडवायचं, ओठ घट्ट मिटायचे, आणि नळीतून 'ऊ' असा सूर सोडायचा. पाण्यात बुडबुडे, गालांत हलकी थरथर, गळ्यावर काहीच ताण नाही. नळीमुळे तोंडातल्या हवेचा थोडा दाब मागे वळतो. त्या दाबानं पट्ट्या जराशा अलग राहतात, सूर लागतो पण आदळआपट कमी होते. मग तोच सूर नळीशिवाय, मग शब्दात, मग वाक्यात. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. रियाज म्हणतात तो हाच.

सवयी मोडणं मात्र जड गेलं. खाकरायचं नाही, त्याऐवजी घोट घ्यायचा. कुजबुजायचंही नाही, आवाज बसला असताना कुजबुजल्यानं बऱ्याच जणांच्या गळ्यावर ताणच पडतो. वर्गात ओरडण्याऐवजी मी टाळ्यांचा ठेका धरायला लागले, मुलं तोच ठेका वाजवून गप्प बसतात. कमरेला लावायचा छोटा स्पीकर मागायला मला फार संकोच वाटला. वाटायला नको होता. सुताराला रंधा लागतो, तसा शिक्षकाला माइक लागतो.

काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. फुगवटे जेमतेम दिसत होते.

[दृश्य: केरी गावचा रस्ता, माडांच्या ओळी.]

फोंड्यातलंच हे केरी, गायिका केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ साली व्हॉयेजर यानातून त्यांची भैरवी अंतराळात गेली, ते आम्ही अभिमानानं सांगतो. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांची गोष्ट मी आजारपणात पहिल्यांदा ऐकली. अतिश्रमानं त्यांचा गळा गेला, पूर्वीसारखा तो परत आलाच नाही, आणि बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली, असं सांगतात. तीच पुढे केसरबाईंकडे आली, कुर्डीच्या मोगूबाईंकडे आली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

[दृश्य: जत्रेची रात्र. देवळासमोर रंगमंच, विंगेत मंद दिवा.]

यंदाच्या जत्रेत मी पुन्हा उभी राहिले. दुसरी घंटा झाली, तेव्हा विंगेत पाण्याच्या बाटलीत नळी घालून मी सूर धरला होता. मामा मुकुट सांभाळत शेजारी येऊन थांबले. त्यांचा आवाज नेहमीसारखा फाटलेला. थोडा वेळ बुडबुडे पाहत राहिले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "दुसरी नळी आहे का गो?"

[दृश्य: तिसरी घंटा. पडदा सरकतो.]